दाबण्याआधीचे पंधरा सेकंद

एस्प्रेसोचा विषय निघाला की मंडळी मशीनबद्दल बोलतात. केवढ्याला घेतलं, इटलीचं की चीनचं, बॉयलर एक की दोन, प्रेशर किती बारचं. (खोक्यावर १५ बार लिहिलेलं असतं. ती पंपाची कमाल ताकद, कॉफीला लागतात ९.) मग बियांवर येतात... चिकमगळूर की कूर्ग, भाजणी हलकी की गडद. आणि अगदीच रंगात आले तर पूड दट्ट्याने किती जोरात दाबायची यावर तासभर वाद घालतात. या सगळ्याच्या मध्ये पंधरा सेकंदांची एक पायरी आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. दळलेली पूड वाटीत पडल्यावर, दाबण्याआधी, ती सगळीकडे सारखी करणं. घरच्या एस्प्रेसोची चव बहुतेक वेळा बिघडते ती इथे, आणि सुधारते तीही इथेच, असं माझं ठाम मत आहे. तेही जवळजवळ फुकटात.

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्याच नात्यागोत्यात चार मशीनं आली. फोन येतात तेही सगळे एकाच सुराचे. "ताई, कालची काय झाली होती! आज तीच पूड, तेच माप, आणि घोटभर घेतली तर तोंड वाकडं. असं का?" दर वेळी फोनवर तेच पुराण लावण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावं म्हटलं. ज्यांच्याकडे मशीन नाही आणि जे जायफळ घातलेल्या दुधाच्या कॉफीवर सुखी आहेत त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण पुढे धरण आणि भाकरी दोन्ही येणार आहेत.

तर ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. तळाला बारीक भोकं असलेल्या गोल वाटीत साधारण १८ ग्रॅम बारीक दळलेली कॉफी भरायची, दट्ट्याने दाबून तिची वडी करायची आणि त्या वडीतून ९ बार दाबाने गरम पाणी ढकलायचं. पंचवीस-तीस सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास दाट कॉफी कपात येते. झालं. ही दाबाची युक्ती मिलानच्या अकिले गाज्जा यांची. त्यांचं पेटंट १९३८चं, आणि युद्धानंतर त्यांनी दांडा ओढायचं मशीन आणलं. कपावरचा तो सोनेरी फेस तेव्हापासूनचा. १९६१मध्ये फाएमा कंपनीच्या ई-६१ मशीनने हाताच्या जागी पंप आणला आणि आजची घरगुती मशीनं त्याच वंशातली. इतिहास इथेच पुरे. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की दाक्षिणात्य फिल्टरमध्ये पाणी निवांत थेंबथेंब झिरपत बसतं, इथे सगळा खेळ अर्ध्या मिनिटात आटोपतो. पाण्याने एकदा भलती वाट धरली की सावरायला वेळच नसतो.

आता पाणी कुठली वाट धरतं ते. माझे बाबा पाटबंधारे खात्यात होते. लहानपणी सुट्टीत त्यांच्याबरोबर साइटवर जायचो तेव्हा मातीच्या धरणाच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी ते वाकून बघत बसायचे. मला वाटायचं, धरण गळतंय! ते म्हणायचे, झिरपतंय त्याची भीती नाही गं, ते गढूळ आहे का ते बघ. स्वच्छ पाणी येतंय याचा अर्थ ते मातीच्या कणांमधून गपगुमान वाट काढतंय, माती जागच्या जागी आहे. गढूळ येतंय म्हणजे ते माती बरोबर घेऊन निघालंय. थोडी माती गेली की वाट रुंदावते, वाट रुंदावली की पाणी वाढतं, पाणी वाढलं की आणखी माती जाते. एकदा हे चक्र सुरू झालं की मग शेजारच्या शंभर फूट पक्क्या भरावाला काही अर्थ उरत नाही, सगळं पाणी त्या एका भोकाकडे धावतं. म्हणून मातीचं धरण बांधताना (आमचं नाशिकचं गंगापूर धरण मातीचंच) भराव ढिगाने ओतून वरून दाबत नाहीत. पातळ थर पसरायचा, सारखा करायचा, मग त्यावर रोलर. पुन्हा थर, पुन्हा रोलर. आधी पसरणं, मग दाबणं. हा क्रम कुणी उलटा केला तर बाबा त्याला साइटवरून घरी पाठवायचे.

कॉफीची वडी हे दीड-दोन सेंटीमीटरचं धरणच आहे. ग्राइंडरमधून पूड पडते ती वाटीत कधीच सारखी पडत नाही. मधोमध डोंगर होतो, किंवा ग्राइंडरचं तोंड ज्या बाजूला असेल तिकडे ढीग. शिवाय बारीक दळल्यावर गुठळ्या होतात, त्या गुठळ्यांच्या मध्ये पोकळ्या राहतात. वरून दट्ट्या दाबला की पृष्ठभाग आरशासारखा दिसतो, पण आत एका बाजूला घट्ट, दुसऱ्या बाजूला भुसभुशीत. पंप सुरू झाला की पाणी भुसभुशीत जागा शोधतं, तिथून सुसाट निघतं, बारीक कण घेऊन जातं, वाट रुंद करतं. गढूळ झिरपा! उरलेल्या घट्ट भागाला पाणी जेमतेम शिवतं.

याचा चवीवर होणारा परिणाम ज्यांनी भाकरी थापली आहे त्यांना दोन वाक्यांत कळेल. भाकरी एकीकडे जाड आणि एकीकडे पातळ झाली तर पातळ भाग करपतो आणि जाड भाग कच्चा राहतो, आणि एकाच घासात दोन्ही लागतात. कॉफीत तसंच. जिथून पाणी धावलं तिथल्या पुडीतलं होतं-नव्हतं सगळं निघालं, त्याचा कडवटपणा आणि जिभेला कोरडं करणारा तुरटपणा. जिथे पाणी पोचलंच नाही तिथला अर्क अर्धवट, त्याचा आंबटपणा. एकाच कपात आंबट आणि कडू! अशी कॉफी प्यायलात की समजा, बिया बिचाऱ्या निर्दोष आहेत.

इथे खरा घोळ सुरू होतो. माणसाला आंबट लागतं, कुठेतरी वाचलेलं असतं की आंबट लागली तर बारीक दळा. तो बारीक दळतो. जितकं बारीक तितक्या गुठळ्या जास्त, तितका वडीचा विरोध जास्त, आणि पाणी आणखी जोराने कच्ची जागा फोडतं. कॉफी आणखी आंबट-कडू. मग तो आणखी बारीक दळतो... २०२०च्या जानेवारीत 'मॅटर' नावाच्या शास्त्रीय मासिकात गणित आणि रसायनशास्त्रातल्या काही मंडळींनी मिळून एस्प्रेसोवर एक शोधनिबंध लिहिला होता. त्यांना नेमकं हेच दिसलं. एका मर्यादेपलीकडे बारीक दळलं तर अर्क वाढायच्या ऐवजी कमी उतरतो, कारण वडीचा काही भाग तुंबतो आणि पाणी उरलेल्या भागातूनच वाहतं. त्यांचा सल्ला होता, थोडं जाड दळा आणि पूडही कमी घ्या. म्हणजे चवीवरून दळण बदलायचा नियम खरा आहे, पण तो वडी सगळीकडे सारखी असेल तेव्हाच लागू पडतो. वडी वेडीवाकडी असताना ग्राइंडर फिरवत बसणं म्हणजे फुटक्या पाटाचं पाणी वाढवण्यासारखं.

आता दाबण्याबद्दल. दट्ट्याला जो मान मिळालाय तो मला कधीच पटलेला नाही. वर्षानुवर्षं शिकवत आले की ३० पौंडांचा, म्हणजे तेरा-चौदा किलोंचा जोर लावा. लोक वजनकाट्यावर दट्ट्या दाबून सराव करतात, स्प्रिंगवाले दट्ट्ये विकत घेतात. जरा हिशोब करून बघू. ५८ मिलिमीटर व्यासाच्या वाटीचं क्षेत्रफळ साधारण २६ चौरस सेंटीमीटर. ९ बार म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला नऊ किलोंहून किंचित जास्त. गुणाकार करा... सुमारे २४० किलो! पंप सुरू झाल्यावर त्या इवल्याशा वडीवर एवढा भार येतो. त्यापुढे तुमचे चौदा किलो आणि माझे दहा किलो यात काय फरक राहिला? दाबायचं ते पुडीतली हवा निघेपर्यंत, आणि दट्ट्या सरळ ठेवून. एवढं झालं की दट्ट्याचं काम संपलं. तो तिरका गेला तर मात्र वडी एका बाजूला पातळ होते आणि पाण्याला आयती वाट मिळते. जोर मोजणारे पुष्कळ भेटतात, तिरकेपणा बघणारा विरळा.

हे एवढं रामायण लावण्याचं कारण आमच्या घरात आहे. आई ८१ वर्षांची. डॉक्टरांनी तिचं दिवसभराचं पाणीसुद्धा मोजून दिलंय, साखर बंद, आणि कॉफी दिवसाला एक. एकच. आयुष्यभर सकाळ-संध्याकाळ मोठा पेला भरून दुधाची, जायफळाची, गोड कॉफी प्यायलेली बाई. त्या मापात तो पेला बसेना, म्हणून एस्प्रेसो. जेमतेम चार-पाच चमचे कॉफी आणि वर दोन चमचे गरम दूध, आणि चवीला मात्र कॉफी प्यायल्यासारखी वाटते. पण साखर नाही म्हटल्यावर लपायला जागा उरत नाही. जायफळ आणि साखर असली की कसलीही कॉफी खपून जाते, बिनसाखरेच्या कपात सगळं उघडं पडतं. ती काही बोलत नाही. एक घोट घेते, कप बशीत ठेवते आणि पेपर उघडते. त्यावरून ओळखायचं की आज जमली नाही. आणि "दुसरा करून देते" म्हणायची सोय नाही, कारण तिच्या वाटणीची आजची कॉफी झाली.

मशीन नवं होतं तेव्हा दोन दिवस चांगली, तिसऱ्या दिवशी पेपर उघडला, असं चाललं होतं. जिथून मशीन घेतलं तिथल्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की या किमतीत एवढंच मिळणार, वरचं मॉडेल घ्या. वरचं मॉडेल दुपटीहून महाग! मला त्यांचा राग आला तो किमतीचा नाही. त्यांनी एकदाही विचारलं नाही की पूड वाटीत कशी भरता. पाणी कुठून फुटतंय हे न बघता नवं धरण बांधा म्हणणारा इंजिनीअर तो हाच.

उपाय सापडला तो वीस वर्षं जुना आहे. २००५मध्ये जॉन वाइस नावाच्या अमेरिकेतल्या एका हौशी माणसाने ही पद्धत मांडली, म्हणून तिला वाइस पद्धत म्हणतात. त्याचं साहित्य बघा. दह्याचा छोटा प्लास्टिकचा डबा, तळ कापून वाटीवर नरसाळ्यासारखा बसवलेला, आणि पूड ढवळायला एक बारीक अणकुचीदार तार. बस्स! गुठळ्या फोडायच्या, पूड सारखी करायची, डबा काढायचा, दाबायचं. घरात पडलेल्या वस्तूंतून निघालेली ही कल्पना मला पहिल्या वाचनातच आपली वाटली.

माझी रीत सांगते. बिया दळण्याआधी १८ ग्रॅम मोजून घ्यायच्या आणि त्यांना पाण्याचा अगदी एखादा थेंब लावायचा, बोट ओलं करून बिया हलवल्या तरी चालतं. दळताना घासण्याने पुडीत स्थिर वीज येते, त्याने ती ग्राइंडरला चिकटते, उडते आणि गुठळ्या धरते. थेंबभर पाण्याने हे पुष्कळ कमी होतं. (हे घरगुती टोटके वाटत असतील तर सांगते, २०२३च्या डिसेंबरमध्ये ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर रीतसर निबंध लिहिला, आणि त्यात ज्वालामुखीच्या राखेतली वीज अभ्यासणारे लोकही होते. कॉफीपायी कोण कोण एकत्र येतं!) मग वाटीवर नरसाळं, त्यात पूड.

आता सुई. साधी शिवणाची सुई नको, ती जाड. जाड सुई पुडीत नांगर चालवते, मागे चरी ठेवते आणि त्या चरी म्हणजेच पाण्याला पाट. आपल्याला नांगर नको, दाताळं हवं. अॅक्युपंक्चरच्या सुया चालतात, किंवा थ्री-डी प्रिंटरचं तोंड साफ करायच्या सुया. जाडी ०.३ ते ०.४ मिलिमीटर. अशा पाच-सहा सुया बुचात थोड्या फाकवून खोचल्या की झालं हत्यार. सुया आधी थेट तळापर्यंत न्यायच्या. बहुतेक लोक इथेच आळस करतात, वरवर कुरवाळतात. वरचा अर्धा सेंटीमीटर सुंदर आणि खाली गुठळ्या तशाच. तळापासून छोटी छोटी वर्तुळं काढत कडेकडेने फिरायचं, मग हळूहळू वर यायचं, आणि शेवटी फक्त पृष्ठभाग हलक्या हाताने सारखा करायचा. कड विसरायची नाही, कारण वडी आणि वाटीची भिंत यांच्या मधली फट ही पाण्याची सर्वांत आवडती वाट. मग वाटी टेबलावर एकदा अलगद आपटायची म्हणजे पूड बसते. नरसाळं काढायचं. दट्ट्या सरळ. आणि दाबून झाल्यावर वाटीला टकटक करायचं नाही! कडेला चिकटलेली चिमूटभर पूड झाडायला म्हणून टकटक करतात आणि तेवढ्या धक्क्याने वडी भिंतीपासून सुटते. ती चिमूट बोटाने पुसा.

जमलंय की नाही हे बघायचं असेल तर तळ उघडा असलेली दांडी मिळते, तोटी नसलेली. तिच्यातून कॉफी पडताना खालून दिसते. वडी सारखी असेल तर सगळ्या जाळीवर एकदम थेंब धरतात आणि ते मध्याकडे येऊन एकच धार होते. नसेल तर एका बाजूला पांढुरकी धार सुटते, दुसरी बाजू काळी कोरडी, आणि मध्येच पिचकारी थेट तुमच्या शर्टावर. लाजिरवाणी पण फार प्रामाणिक वस्तू. सकाळी पांढरा कुर्ता घालून वापरू नये.

यावर घरातल्यांचे आक्षेप मला पाठ आहेत. पहिला, "इटलीत कोण सुया टोचत बसतं? तो माणूस दहा सेकंदांत कप पुढे करतो." खरं आहे. पण त्याच्यासारखी कॉफी आपण करत नाही. इटलीतल्या बारमध्ये एका कपाला ७ ग्रॅमच्या आसपास पूड, त्यातून २५ मिलिलिटरच्या आसपास कॉफी. पूड कमी, थर पातळ, भाजणी गडद, मिश्रणात बऱ्याचदा रोबस्टा. अशी कॉफी खूप काही पोटात घालते. त्याचा ग्राइंडर मोठा, आणि जुन्या पद्धतीच्या ग्राइंडरला पूड पुढे ढकलणारी पाती असतात, त्यांत गुठळ्या आपोआप फुटतात. शिवाय तो माणूस दिवसाला शेकडो कप करतो, त्याच्या हाताला अंदाज आहे. आपल्याकडे खोल वाटीत १८ ग्रॅम, हलकी भाजणी, ओट्यावर मावणारा लहान ग्राइंडर आणि दिवसाला दोन कपांचा सराव. जिथे गुठळ्या तिथे सुई. इटलीचा अपमान वगैरे काही नाही.

दुसरा आक्षेप, चोचले. हा मला जास्त लागतो. चोचले कशाला म्हणायचं? वीस-तीस हजारांचं मशीन ओट्यावर ठेवून त्यातून आंबट पाणी काढणं हे चोचले नाहीत आणि पाच-पन्नास रुपयांच्या सुया बुचात खोचणं हे चोचले? पोहे भिजवताना आपण हाताने हलकेच मोकळे करतो, गोळे राहिले तर कढईत कळतं. त्याला कुणी चोचले म्हणत नाही, स्वयंपाक म्हणतात.

पण चोचल्यांचा बाजारही आहे, ते नाकारत नाही. हीच सुई आता लाकडी मुठीत, पितळी स्टँडवर, हजारो रुपयांना मिळते. गोल फिरवून पृष्ठभाग सपाट करणारी चकती मिळते. ती चकती मी भाच्याकडे वापरून पाहिली आणि मला ती अजिबात पटली नाही. ती वरचं तेवढं गुळगुळीत करते, खालचा ढीग आहे तिथेच राहतो. खड्डे न बुजवता वरून डांबर फासावं तसं. पहिल्या पावसात कळतं! त्यापेक्षा ज्यांना सुईचा कंटाळा आहे त्यांनी पूड झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डबीत घालून आठ-दहा वेळा हलवावी आणि मग वाटीत ओतावी. गुठळ्या चांगल्या फुटतात. ओतताना मात्र मधोमध ओतायची.

आणि ज्यांच्याकडे पातं फिरणारा मिक्सर आहे त्यांनी सुईकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये. त्यात काही कण पिठासारखे आणि काही रव्यासारखे निघतात, ते पसरून सारखे होत नाहीत. पैसे घालायचेच असतील तर ते चांगल्या ग्राइंडरात घाला. हाताने फिरवायचाही चालेल. दादाला मी हेच सांगितलं, तो म्हणाला खांदा दुखतो. असो.

सगळीकडेच सुई खुपसायची असंही नाही. काही मशीनबरोबर दुहेरी तळाची वाटी येते, तिला खाली एकच बारीक भोक असतं. दाब त्या भोकाने तयार होतो, वडीने नव्हे, तिथे हा खटाटोप फारसा उपयोगी नाही. मोका पॉटमध्ये पूड भरायची, बोटाने सपाट करायची, दाबायची नाही. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये वरच्या भांड्यात पूड सारखी करून छत्रीसारख्या चकतीने अगदी हलकं दाबायचं, जोर केला तर रात्री लावलेला फिल्टर सकाळी तसाच भरलेला दिसेल. म्हणजे दाबाचं प्रमाण भांड्यागणिक बदलतं, पूड सारखी पसरणं मात्र तिन्हीकडे आहेच. तमिळ आणि कानडी घरांतल्या बायका हे कुठलाही निबंध न वाचता करत आल्या आहेत.

बियांबद्दल एक गोष्ट मात्र राहवत नाही म्हणून. भारतात पिकणाऱ्या कॉफीत दोन तृतीयांशाहून जास्त रोबस्टा असते, आणि आपल्या कॉफीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक इटली. म्हणजे कोडगू-चिकमगळूरच्या सावलीत वाढलेली, हाताने खुडलेली, उन्हात वाळवलेली कॉफी समुद्रापार जाऊन तिकडच्या एस्प्रेसोत फेस धरते. तीच कॉफी आपल्या ओट्यावर येते तेव्हा तिचा अर्धा भाग कोरडाच राहून टोपलीत जातो. वापरलेली वडी कधी मोडून बघा. काही ठिकाणी ती फिकी, पार धुतलेली असते आणि काही ठिकाणी गडद, जवळजवळ न भिजल्यासारखी. १८ ग्रॅमचे पैसे देऊन १० ग्रॅमची कॉफी पिण्यासारखं हे. भाव कुठे पोचलेत ते तुम्हाला सांगायला नको.

आईकडे अजूनही पेपर उघडण्याचे दिवस येतात. बिया जुन्या झाल्या की येतात, पावसाळ्यात हवा बदलली की दळण बदलावं लागतं तेव्हा येतात. सुईने सगळं सुटतं असा माझा दावा नाही. पण आता पेपर उघडला गेला की मी आधी बिया आणि मग दळण बघते, आणि तसं बघता येतं कारण वडीवरचा संशय तेवढा गेलेला असतो. परवा तिने कप रिकामा केला आणि विचारलं, "जायफळ नाही चालायचं का यात?" मी किसून चिमूटभर घातलं दुसऱ्या दिवशी. शुद्ध एस्प्रेसोवाल्यांनी कानावर हात ठेवावेत. चांगलं लागतं.

तर ज्यांनी ज्यांनी फोन केले होते त्यांच्यासाठी: सुयांचं पाकीट मी मागवून ठेवलंय आणि नाशिकमध्ये वाइनच्या बुचांना तोटा नाही. पाच तयार आहेत, त्यातलं एक दादाचं. दिवाळीत येणाऱ्यांनी आपापलं घेऊन जावं. टोकांना स्ट्रॉचा तुकडा घातलाय, पिशवीत हात घालताना जपून.